आपल्या गांवाचा इतिहास कोणीं लिहावा ?

कुरुंदवाडच्या एका विद्यार्थ्यास आम्हीं फ्रेंच राज्यक्रांतीचीं कारणें विचारलीं. तीं त्यानें घडाघडा म्हणून दाखविलीं. 'तुमच्या गांवच्या मशिदींत गणपति केव्हांपासून बसतो ?' असें विचारतांच मात्र तो ओशाळला. दोष त्याचा नव्हे, त्याच्या शिक्षणाचा आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचें हें पटवर्धनांचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. येथील घाटावर संताजी घोरपड्यांची म्हणून समाधि दाखवितात. येथील पांच मशिदींत गणपति बसतो. मोहरम व गणेशोत्सव एकत्र आले, म्हणजे पंजे आणि मूर्ति एकाच छपराखालीं असतात. २०१८ व २०१९ सालीं असाच योग आला होता. मराठी-कानडी, जैन, लिंगायत, मुसलमान, दलित अशा नाना समाजांचा हा शेजार क्रमिक पुस्तकांत कोठें आहे ? 'परिसर अभ्यास' हें नांव तेवढें पुस्तकावर छापलें गेलें. परिसर बाहेरच राहिला.

यावर कांहीं सुज्ञ म्हणतात, असल्या अभ्यासानें जातिभेद वाढेल. न बोलल्यानें तो कमी झाला काय ? ज्या कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून विषमतेचा उघड उच्चार केला, तेथेंच शाळांनीं मौन धरावें, हें नवल होय ! मशिदींतील गणपतीचें कौतुक करणें सोपें आहे. परंतु याच घाटावर पूर्वीं कोणास मज्जाव होता काय, हेंही मुलांनीं वृद्धांस विचारलें पाहिजे. गोड तेवढेंच टिपणारा अभ्यास हा अभ्यास नव्हे, जाहिरात होय.

दुसरा आक्षेप असा कीं, पोरांना संशोधन काय समजणार ? अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यार्थ्यांनीं १९६८ सालीं संप करून वगळलेल्या समाजांचा अभ्यास मागितला आणि १९६९ मध्यें तो मिळविला. आमच्या मुलांनीं संप करावा असें आम्ही म्हणत नाहीं. आजीचें सांगणें टिपावें, तें कागदाशीं ताडून पाहावें, दोन साक्षी जुळल्या नाहींत तर दोन्ही लिहून ठेवाव्या. एवढें चौदा वर्षांच्या मुलास खचित साधतें. शिक्षकानें फक्त उत्तर आधीं सांगूं नये, आणि या कामास परीक्षेंत गुण असावे.

२०१९ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यांतील घरेंच्या घरें पाण्याखालीं गेलीं. त्यांबरोबर किती जुनीं दप्तरें गेलीं, याची यादी कोणीं केली ? सांगणारीं माणसेंही दरवर्षीं कमी होत आहेत. अभ्यासक्रम-समित्यांना सवड होईपर्यंत तीं थांबणार नाहींत. तेव्हां शाळांनीं हुकुमाची वाट न पाहतां मुलांच्या हातीं कोरी वही द्यावी, आणि त्यांना शेजारच्या गल्लींत पाठवावें.