लिम ग्वान एंग यांना अर्थखाते मिळाले, पुढे काय?

आरक्षणविरोधी मंडळींना मलेशिया फार आवडतो. "तिकडे मलय लोकांना सवलती दिल्या आणि हुशार माणसे देश सोडून गेली" हा युक्तिवाद आपल्यापैकी प्रत्येक कार्यकर्त्याने कधी ना कधी ऐकलेला आहे. या मंडळींना साक्षीदार म्हणून लिम ग्वान एंग सोयीचे वाटतात. चिनी वंशाचे नेते, पेनांग राज्याचे दहा वर्षे मुख्यमंत्री, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि मलय सवलतींवर उघड टीका करणारे. पण या माणसाची कारकीर्द सुरुवातीपासून वाचली तर ही साक्ष त्यांच्यावरच उलटते.

आधी त्या सवलतींचे बघू. ब्रिटिशांनी मलायात कथिलाच्या खाणीत चिनी आणले, रबराच्या मळ्यात तमिळ आणले, आणि मलय शेतकरी भातशेतीत राहू दिला. 13 मे 1969 ला क्वालालंपूरमध्ये वांशिक दंगल उसळली. 1970 च्या सुमारास कंपन्यांच्या भांडवलात मलयांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता आणि 60 टक्क्यांहून जास्त वाटा परदेशी हातात होता. म्हणून 1971 मध्ये 'नवे आर्थिक धोरण' आले. मलयांचे दारिद्र्य खरे होते, हे आपण नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना वंश न पाहता सगळ्यांचे दारिद्र्य दूर करणे हे त्या धोरणाचे एक जाहीर उद्दिष्टच होते. पण हे धोरण राबवणार कोण? ज्या समाजाचे लोकसंख्येत बहुमत, पंतप्रधान त्याचाच, प्रशासन आणि सैन्यावर पकड त्याचीच. 1957 पासून 2018 पर्यंत, म्हणजे 61 वर्षे, उम्नो या मलय पक्षाच्याच नेतृत्वाखालील आघाडी सत्तेत होती. या सवलतधारकांना तिकडे 'भूमिपुत्र' म्हणतात. शब्द आपल्याच भाषांकडून गेलेला, आणि मुंबईत 1960 च्या दशकानंतर त्याचे काय राजकारण झाले ते मराठी माणसाला सांगायला नको. गंमत अशी, की त्या द्वीपकल्पाचे खरे आदिवासी असलेल्या ओरांग अस्ली समाजाचा विशेष स्थानाच्या कलम 153 मध्ये उल्लेखच नाही.

बाबासाहेबांनी मागितलेली संरक्षणे नेमकी याच्या विरुद्ध दिशेची होती. 1945 च्या मुंबईतील भाषणात आणि 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी एक भेद मांडला, तो इथे कामी येतो. राजकीय बहुमत मते बदलली की बदलते. जमातीचे बहुमत जन्मानेच ठरलेले असते, निवडणूक हरूनही ते बहुमतच राहते. संरक्षण हवे ते या दुसऱ्या बहुमतापासून. 'आरक्षण' हा एकच शब्द दोन्हीकडे चिकटवून मलेशियाचे उदाहरण आपल्या तोंडावर मारणारा माणूस एक तर अज्ञानी असतो, नाहीतर लबाड.

आता लिम. घराणेशाहीचा आक्षेप आधीच नोंदवतो. वडील लिम किट सियांग डेमोक्रॅटिक अॅक्शन पार्टीचे, म्हणजे डीएपीचे, 30 वर्षे सरचिटणीस होते. मुलगा 1986 मध्ये मलाक्का शहरातून खासदार झाला, त्यात आडनावाचा वाटा होताच. पण या घराण्याच्या वाट्याला गाड्या-बंगल्यांआधी तुरुंग आला, हेही खरे. ऑक्टोबर 1987 मध्ये महातीर सरकारने विरोधकांची धरपकड केली, तेव्हा बापलेक दोघेही खटल्याशिवाय स्थानबद्ध झाले आणि 1989 मध्ये सर्वांत शेवटी सुटले.

दुसरा तुरुंगवास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1994 मध्ये मलाक्काच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांवर 15 वर्षांच्या मुलीशी लैंगिक संबंध ठेवल्याचा आरोप झाला. पुरेसा पुरावा नाही असे सांगून अॅटर्नी जनरलने मुख्यमंत्र्यांवर खटला भरला नाही. मुलीला मात्र सरकारी ताब्यात ठेवण्यात आले. मुलगी मलय, मुस्लिम. तिच्या आजीने मदत मागितली ती आपल्या खासदाराकडे, म्हणजे या चिनी, बिगरमुस्लिम माणसाकडे. लिम यांनी जाहीर प्रश्न विचारले, पत्रक काढले, त्यात मुलीला 'तुरुंगात डांबलेली पीडिता' म्हटले. यासाठी त्यांच्यावर राजद्रोहाचा आणि खोटी बातमी छापल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दंड केला होता. वरच्या न्यायालयाने 1998 मध्ये तो वाढवून 18 महिन्यांची कैद दिली. बारा महिने त्यांनी भोगली. खासदारकी गेली, 1999 आणि 2004 या दोन्ही निवडणुका लढवता आल्या नाहीत.

चिनी नेत्याने चिनी मतदारासाठी तुरुंगात जाणे समजण्यासारखे आहे. परक्या जमातीतल्या, काडीचाही राजकीय फायदा नसलेल्या मुलीसाठी जाणे वेगळे. जमातीच्या बहुमताची भिंत ओलांडायची तर ती अशीच ओलांडता येते. 'मी सर्वांचा नेता' हे वाक्य कोणीही बोलतो, त्यांनी त्याची किंमत मोजली.

मार्च 2008 मध्ये पेनांगमध्ये सत्तापालट झाला. त्याआधी चारच महिने, 25 नोव्हेंबर 2007 ला, हिंड्राफच्या हाकेवर हजारो भारतीय वंशाचे लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले होते. मळ्यांमधून उठवलेला, शहराच्या कडेला फेकलेला तमिळ मजूर सत्ताधाऱ्यांपासून तुटला आणि त्याची मते विरोधकांकडे वळली. लिम मुख्यमंत्री झाले आणि प्राध्यापक पी. रामसामी उपमुख्यमंत्री. देशातल्या कोणत्याही राज्यात भारतीय वंशाचा माणूस या पदावर पहिल्यांदाच बसला. लिम यांनी जाहीर केले की राज्य कारभार नव्या आर्थिक धोरणातून आलेल्या वशिलेबाजीपासून मुक्त असेल. त्यावरून उम्नोने निदर्शने केली. ठेके खुल्या निविदांनी देण्याचे धोरण आले, आणि ते चांगलेच होते.

पण खुल्या निविदेत तमिळ गवळ्याला काय मिळते? कंपुंग बुआ पाला हे पेनांगमधले गुरे पाळणाऱ्या तमिळांचे जुने गाव. त्याची जमीन आधीच्या सरकारच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे गेली होती. गावकरी वरच्या न्यायालयापर्यंत जाऊन हरले. 2009 मध्ये, लिम मुख्यमंत्री असताना, घरांवर बुलडोझर फिरला. व्यवहार आमचा नव्हे, आम्ही बदली घरे देऊ केली, हे राज्य सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. कायद्याने कदाचित त्यांचे हातही बांधलेले असतील. तरीही एक वर्षापूर्वी ज्यांनी सत्ता बदलली, त्यांचेच गाव गेले. गुणवत्ता आणि पारदर्शकता या शब्दांनी मधल्या वर्गाचा अन्याय दूर होतो. तळातल्या माणसाला जमीन लागते, घर लागते. आपल्याकडे समान संधीची भाषा बोलणारे पुरोगामी पाहिले की मला कंपुंग बुआ पाला आठवते.

मे 2018 मध्ये केंद्रात सत्ता बदलली. लिम अर्थमंत्री झाले. 1974 नंतर, 44 वर्षांनी, या खात्यावर चिनी वंशाचा माणूस आला. पत्रकारांनी तेच विचारले तेव्हा आपण स्वतःला चिनी नव्हे, मलेशियन समजतो असे त्यांनी उत्तर दिले. पंतप्रधान कोण? तेच महातीर, ज्यांच्या राजवटीत ते दोनदा आत गेले होते. वैर विसरून एकत्र येण्याला माझा आक्षेप नाही. प्रश्न आहे तो त्या मंत्रिमंडळात काय झाले याचा. वस्तू व सेवा कर 1 जूनपासून शून्यावर आणला गेला, 1एमडीबी घोटाळ्याचे हिशेब बाहेर काढले गेले. हे काम झाले. पण सप्टेंबरमध्ये महातीर यांनी संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या उरलेल्या करारांना मान्यता देऊ असे सांगितले आणि देशात वंशभेदविरोधी करारावरून काहूर उठले. मलयांचे विशेष स्थान जाणार, असा प्रचार झाला. त्या करारात मागे पडलेल्या गटांसाठी विशेष उपायांची सोय आहे, हे कोण ऐकतो? 23 नोव्हेंबरला सरकारने माघार घेतली. तरीही 8 डिसेंबरला विरोधकांनी राजधानीत प्रचंड विजयसभा घेतली. (भारताने हा करार 1968 मध्येच मान्य केला. त्यातला जन्माधारित भेदभावाचा शब्द भारतानेच सुचवलेला, आणि 2001 च्या डर्बन परिषदेत जात त्यात येत नाही असे सांगणाराही भारतच. सही केली म्हणजे मन बदलले असे नसते.)

राजकीय बहुमत लिम यांच्या आघाडीकडे होते, जमातीचे बहुमत रस्त्यावर होते. जिंकले कोण ते दिसले. अशा वेळी अल्पसंख्याक मंत्र्याने काय करावे? बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारे अर्थतज्ज्ञ. त्यांना नियोजनाचे खाते हवे होते, मिळाले कायदा खाते. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर त्यांना घेतले नाही. हिंदू कोड बिल गुंडाळले गेले तेव्हा सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कारणे जाहीर केली. लिम यांच्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी वजनदार खाते होते. त्यांनी राजीनामा दिला नाही. ते गेले असते तर सरकार आणखी लवकर पडले असते, हा बचाव मी समजू शकतो. पण न जाताही फेब्रुवारी 2020 मध्ये, 22 महिन्यांत, स्वतःच्याच आघाडीतल्या फुटीने ते पडले. चिनी पक्ष सरकार चालवतो हा प्रचार तोपर्यंत रोजचाच झाला होता. अर्थमंत्री स्वतःला कितीही मलेशियन म्हणवोत.

त्यांच्यावरच्या खटल्यांवरही बोलले पाहिजे. बाजारभावापेक्षा स्वस्तात बंगला घेतल्याचा 2016 चा खटला सरकारी पक्षाने सप्टेंबर 2018 मध्ये मागे घेतला आणि ते निर्दोष सुटले. तेव्हा ते स्वतः सरकारात होते, त्यामुळे शंका राहणारच. पेनांगच्या समुद्राखालील बोगद्याबाबत ऑगस्ट 2020 मध्ये नवे आरोप लागले, ते त्यांनी नाकारले. मार्च 2025 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत 30 जणांच्या समितीत ते 26 व्या क्रमांकावर घसरले आणि अध्यक्षपद गोबिंद सिंग देव यांच्याकडे गेले. रामसामी त्याआधीच, 2023 मध्ये उमेदवारी नाकारल्यावर, पक्षाबाहेर पडले होते.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यापेक्षा जास्त बोचते. ज्या 1948 च्या राजद्रोह कायद्याखाली लिम त्या मुलीसाठी तुरुंगात गेले, तो रद्द करण्याचे वचन 2018 च्या जाहीरनाम्यात होते. ऑक्टोबरमध्ये त्याचा वापर थांबवण्याचा निर्णय झाला. पुढच्याच महिन्यात सुबांग जया इथल्या मारिअम्मन मंदिराजवळ दंगल झाली, आणि तो निर्णयही बाजूला पडला. लिम यांनी अर्थखाते सोडले तेव्हा तो कायदा जागच्या जागी होता.