नकार ग्लासाला, माणसांना नाही

देवरीत रात्री नऊनंतर जाग असते ती महामार्गावरच्या ढाब्यांना. सेऊलमध्ये त्याच वेळी ऑफिसचं 'होएशिक' रंगात येतं: सगळ्या टीमचं जेवण, डुकराचं मांस, सोजू ही दारू, मग गाणी. पहिले काही महिने मी तब्येतीचं कारण सांगून टाळलं. टीममध्ये एकटा पडलो. शेवटी सरळ सांगितलं: मी मुसलमान आहे, दारू आणि डुक्कर चालत नाही, पण सोबत येईन. पुढच्या वेळी मासे आले. वरिष्ठांनी मला कोला ओतला. तिथल्या रीतीप्रमाणे मी दोन्ही हातांनी ग्लास धरला.

सेऊलच्याच इतेवॉन भागात चढावर १९७६ सालची मशीद आहे, खाली बार. नमाजी त्याच वस्तीतून वर जातात. दोस्तांनो, पुण्यात असा की परदेशात, बहाणे करू नका. नकार ग्लासाला द्या, माणसांना नको.