जेजू बेटावरील आठ तास

पंढरपूरच्या बाजारपेठेला आषाढी ते कार्तिकी उसंत नसते, आणि चातुर्मासात आपल्याकडील धर्मनिष्ठ कुटुंबे दूरचा प्रवास टाळतात. चैत्री यात्रा आटोपून मुलांच्या परीक्षा संपल्या, म्हणजेच सहकुटुंब बाहेर पडण्याचा विचार होतो. येथील एका परिवाराने अशाच सफरीविषयी विचारले आहे. शांघायहून निघणारे जहाज मे महिन्यात दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर आठ तास थांबणार आहे. बरोबर सत्तरीच्या सासूबाई असून त्यांचा चौविहाराचा नियम आहे. एवढ्या वेळात काय काय पाहावे?

काळ उत्तम निवडला आहे. जून अखेरीस तेथे पावसाळा सुरू होतो, पुढे वादळांचे दिवस येतात आणि अशा वेळी जहाज बंदर टाळून पुढे निघून जाऊ शकते.

तथापि काय पाहावे हे ठरवण्यापूर्वी जहाज कोणत्या बंदरास लागणार, ते विचारून घ्यावे. बेट पूर्व-पश्चिम सुमारे ७३ व दक्षिणोत्तर ३१ किलोमीटर आहे. जेजू शहराचे बंदर उत्तरेस, गांगजोंग दक्षिणेस, आणि मध्ये १,९४७ मीटर उंचीचा हाल्लासान ज्वालामुखी. आठ तासांतील बराच वेळ पारपत्राच्या तपासणीत जातो आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी जहाजावर परतावे लागते. हाती पाच तास उरले तरी पुष्कळ झाले. स्वतंत्र टॅक्सीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

सर्व जाहिरातींत झळकणारे सोंगसान इल्चुलबोंग हे ज्वालामुखीचे मुख बेटाच्या पूर्व टोकास आहे. जाण्यास तासाहून अधिक, येण्यास तेवढाच वेळ, वर पायऱ्यांची चढण. सासूबाई बरोबर असता ते सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गांगजोंगला उतरल्यास जवळच देपो येथे समुद्रकाठी काळ्या बसाल्टचे षट्कोनी स्तंभ उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. आपल्या पायाखालचा दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. जेजू त्या मानाने अगदी अलीकडचे, काही लाख वर्षांचे. उत्तरेस उतरल्यास शहरालगतचा योंगदुआम खडक पुरे. तेथील लाव्हाप्रदेशास २००७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आहे.

प्राणवायूच्या टाकीविना समुद्रात बुडी घेणाऱ्या हेन्यो स्त्रियांची परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या यादीत आली. त्यांचे धैर्य वंदनीयच. परंतु बुडीतून वर येतात ते शिंपले व जिवंत जलचर, आणि किनाऱ्यावर त्यांची विक्री चालते. हे पाहणे मनास रुचेल की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता जेवणाचा विचार. कोरियातील बौद्ध मठांचे अन्न कांदा-लसणाविना असते, हे ऐकून आपण हरखतो. पण त्यात मुळा, कमळकंद चालतात. बाहेरच्या किमचीत बहुधा माशाचा अंश असतो. म्हणून बंद पुड्यांतील खाकरे, सोलापुरी कडक भाकरी आणि लसणाविना केलेली शेंगांची चटणी जवळ असावी. जहाजावरील फळे मात्र किनाऱ्यावर नेऊ नयेत; तेथील नियम कडक आहेत. ज्यांना उकळलेलेच पाणी चालते, त्यांनी थर्मास भरून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची बाब घड्याळाची. कोरियाची वेळ चीनच्या एक तास आणि आपल्या साडेतीन तास पुढे आहे. शांघायहून आलेल्या जहाजावर चीनचीच वेळ चालू असेल, तर मेच्या मध्यास जेजूत साडेसातच्या सुमारास होणारा सूर्यास्त जहाजाच्या घड्याळात साडेसहालाच होतो. भोजनगृह तेव्हा कदाचित नुकते उघडत असते. सासूबाईंचे ताट त्यापूर्वी मिळावे, हे तिकीट काढतानाच लेखी कळवावे आणि जहाजावर चढताच पहिल्या दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखास पुन्हा सांगावे. जेजूच्या दिवशी दुपारी चारपर्यंत परतलात, तर त्यांना घाईत घास गिळावा लागणार नाही.