यंत्र आले तर किमान वेतनाचे काय? लखनौच्या उदाहरणावरून समजून घ्या

लखनौच्या हजरतगंजमध्ये एका सरकारी बँकेची शाखा आहे आणि तिच्या शेजारी कापडाचे दुकान आहे, असे समजा. दोन्हीकडे सकाळी ठेकेदाराचा माणूस येतो, झाडू मारतो, लादी पुसतो, संडास धुतो. काम एकच, शहर एकच, भिंतही एकच. पण १ ऑक्टोबर २०२४ च्या दराप्रमाणे बँकेतल्या सफाई कामगाराला दिवसाला किमान ७८३ रुपये मिळायला हवेत आणि दुकानातल्या कामगाराला सुमारे ४१२ रुपये. महिन्याच्या २६ दिवसांचा हिशेब केला तर एकाचे २०,३५८ आणि दुसऱ्याचे १०,७०१ रुपये होतात.

हा फरक कशामुळे? बँका, विमा कंपन्या, रेल्वे, खाणी, मोठी बंदरे, केंद्र सरकारच्या कंपन्या अशा ठिकाणी किमान वेतन केंद्र सरकार ठरवते. दुकान, मॉल, हॉटेल, खासगी कार्यालय अशा बहुतेक ठिकाणी ते राज्य सरकार ठरवते. तुम्ही ठेकेदाराचे माणूस असलात तरी नियम बदलत नाही. ज्या आस्थापनेसाठी तुम्ही राबता तिला लागू असलेला दर तुम्हाला लागू होतो. केंद्राच्या यादीत लखनौ 'अ' क्षेत्रात आहे. मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि नागपूरही त्याच 'अ' क्षेत्रात येतात. त्यामुळे लखनौचा हा हिशेब महाराष्ट्रातल्या वाचकालाही उपयोगी आहे.

उत्तर प्रदेशचा दर इतका मागे का राहिला, याचे कारण साधे आहे. तिथला मूळ दर २०१४ मध्ये ठरला: अकुशल कामगाराला महिना ५,७५० रुपये. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्यावर फक्त महागाई भत्ता चढत गेला, मूळ दर तोच राहिला. जुन्या किमान वेतन कायद्यात पाच वर्षांच्या आत फेरविचार करण्याची तरतूद होती. महागाई भत्ता भाववाढीमागे धावतो. कुटुंबाच्या नव्या गरजांसाठी तो मूळ दर वाढवत नाही. वर दिलेले आकडे ऑक्टोबर २०२४ चे आहेत. दोन्ही दरांत दर वर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला महागाई भत्त्याप्रमाणे बदल होतो, म्हणून आजचा दर तपासूनच बोला.

"पगार वाढवा म्हणाल तर मशीन आणतो"

ही धमकी तुम्ही मुकादमाच्या किंवा ठेकेदाराच्या तोंडून ऐकली असेल. ती खरी किती आणि खोटी किती, ते पाहू.

एका ठिकाणी ती बरीचशी खरी आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. बँकेच्या एटीएमवर पूर्वी रात्रंदिवस रखवालदार बसायचा. केंद्राच्या त्याच ऑक्टोबर २०२४ च्या दराने शस्त्र नसलेल्या रखवालदाराला 'अ' क्षेत्रात दिवसाला ९५४, म्हणजे महिन्याला २४,८०४ रुपये द्यावे लागतात. चोवीस तासांसाठी तीन पाळ्या धरा: ७४,४१२ रुपये. शिवाय भविष्य निर्वाह निधी आणि सुट्टीच्या दिवसाचा बदली माणूस. उलट एका नियंत्रण कक्षात बसलेला एक माणूस कॅमेऱ्यातून कितीतरी एटीएमवर लक्ष ठेवू शकतो. अनेक एटीएमसमोरची खुर्ची रिकामी झाली त्यामागे हा हिशेब आहे. तुम्ही रखवालदारीचे काम करत असाल तर पुढची नोकरी शोधताना हे ध्यानात ठेवा: जिथे फक्त बसून पाहायचे आहे ते काम आधी जाते. जिथे गेट उघडायचे, नोंद करायची, म्हाताऱ्या माणसाला हात द्यायचा, आग लागली तर धावायचे, ते काम टिकते.

बाकीच्या ठिकाणी चित्र वेगळे आहे. लखनौहून कानपूरला जाताना नवाबगंजचा टोलनाका लागतो. तिथल्या खिडकीत बसून पैसे मोजणाऱ्याचे काम फास्टॅगने कमी केले. पण फास्टॅग काही त्या माणसाचा पगार वाढला म्हणून आला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो देशभर सगळ्या मार्गिकांवर सक्तीचा झाला. सरकारने त्यासाठी गाड्यांच्या रांगा, वाया जाणारे इंधन आणि वसुलीतली पारदर्शकता ही कारणे दिली. टोलवरच्या माणसाने निम्म्या पगारात काम करायची तयारी दाखवली असती, तरी त्याची खिडकी वाचली नसती.

चारबाग स्थानकावर काय होते? तिकिटाची यंत्रे आली, मोबाइलवर तिकीट निघू लागले. तरीही स्थानकांवर यंत्राशेजारी एक माणूस उभा दिसतो. तुमच्याकडून पैसे घेऊन तो बटणे दाबतो आणि तिकीट हातात देतो. हा रेल्वेने नेमलेला मदतनीस असतो, पण त्याला पगार नसतो, विकलेल्या तिकिटांवर कमिशन मिळते. म्हणजे यंत्राने काम पूर्ण संपवले नाही. त्याने पगार काढून घेतला आणि कमिशन हातात ठेवले. आमच्या मते कमी शिक्षणाच्या सेवाकामांना पुढच्या काळात खरा धोका हाच आहे. काम उरेल, पण ते कुणाच्या नावावर आणि कोणत्या करारावर उरेल हे बदलेल.

फरशी पुसण्याच्या यंत्राचेही तसेच. दुकानापेक्षा बँकेतल्या सफाई कामगाराचा दर जवळपास दुप्पट, तरी छोट्या शाखेत यंत्र येत नाही, कारण टेबल-खुर्च्यांच्या मधून ते फिरत नाही. मॉलमध्ये मात्र दर कमी असूनही यंत्र येते, कारण तिथे मोठी, मोकळी, सपाट फरशी असते. तेव्हा कुणी म्हणाले की किमान वेतन मागू नका, नाहीतर यंत्र येईल, तर त्याला हे उदाहरण सांगा. पगार कमी घेऊन काम वाचते, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

जिथे यंत्र यायला हवे होते, तिथे ते आले नाही

१ मे २०२४. कामगार दिन. लखनौच्या वजीरगंज भागात सीवर सफाईसाठी मॅनहोलमध्ये उतरलेल्या बाप-लेकाचा मृत्यू झाला. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शन गाड्या आहेत, जेटिंग यंत्रे आहेत. मग माणूस का उतरतो? कारण रोजावरचा माणूस गाडीपेक्षा स्वस्त पडतो. मजुरी कमी ठेवल्याने यंत्र दूर राहते हे खरे मानले, तर त्याचा सर्वांत वाईट पुरावा हा आहे. या कामात तरी यंत्राला घाबरू नका, यंत्र मागा.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीवरमधील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. कायमचे अपंगत्व आल्यास २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख. २९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु आणि हैदराबाद या सहा शहरांत हाताने सीवर सफाई थांबवण्याचा आदेश दिला. त्या यादीत लखनौ नाही, पुणे-नागपूरही नाहीत. पण २०१३ चा कायदा सगळीकडे लागू आहे.

या कामगारांसाठी केंद्राची 'नमस्ते' योजना २०२३-२४ पासून आहे. तीत आधी तुमची नोंद होते, म्हणजे नगरपालिकेच्या शिबिरात नाव, काम आणि आधार यांची माहिती घेतली जाते. मग सुरक्षा संच, आयुष्मान कार्ड, प्रशिक्षण, आणि स्वतःची सफाईची गाडी किंवा यंत्र घेण्यासाठी भांडवली अनुदान. २०२४ पासून कचरा वेचणाऱ्यांनाही तीत घेतले आहे. अनुदानाचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात यंत्राचा मालक ठेकेदार नसतो, तुम्ही किंवा तुमचा गट असतो. अर्थात गाडी घेतली म्हणजे काम मिळालेच असे नाही. कर्जाचा हप्ता अंगावर घेण्याआधी नगरपालिका त्या गाडीला नियमित काम देणार का, हे लेखी विचारा. सीवर किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला जात असेल तर तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.

यंत्र येणार असे कळले, तर

चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतल्या काही गोष्टी अशा वेळी थेट तुमच्या कामाच्या आहेत.

नव्या यंत्रामुळे किंवा कामाच्या नव्या पद्धतीमुळे कामगार कमी होण्याची शक्यता असेल, तर मालकाने बाधित कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिल्यापासून २१ दिवस त्याला तो बदल करता येत नाही. या २१ दिवसांत एकत्र बसून लेखी मागणी करा: कोणाला यंत्रावर शिकवणार, कोणाला दुसऱ्या जागी घेणार.

वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला कमी केले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन भरपाई म्हणून मिळते. त्याशिवाय संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाचे १५ दिवसांचे पैसे या निधीत भरायचे आणि ती रक्कम ४५ दिवसांत तुमच्या बँक खात्यात यायला हवी. अडचण अशी की मुदतीचा करार संपला तर त्याला 'कमी करणे' म्हणत नाहीत. म्हणून नेमणुकीच्या पत्रावर तारीख काय आहे, ते आजच पाहा. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी नवा कागद सही करून घेत असेल, तर जुने कागद फेकू नका.

तुम्हाला यंत्रावर बसवले, तर तुमची श्रेणी विचारा. साधा झाडू मारणारा अकुशल धरला जातो. रोज यंत्र चालवणे, त्याचे पाणी-पावडर ठरवणे, बिघाड ओळखणे, या कामाला अनुभव लागतो. अधिसूचनेतल्या व्याख्येप्रमाणे ते काम अर्धकुशल ठरत असेल, तर तसा दर मागता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या केंद्राच्या दरात अकुशल आणि अर्धकुशल यांत दिवसाला ८५ रुपयांचा, म्हणजे महिन्याला २,२१० रुपयांचा फरक होता. उत्तर प्रदेशच्या दरात तो फक्त १,०७१ रुपये होता, पण वर्षाला तेही बारा हजारांच्या वर जातात. यंत्र नवे आणि पगार जुनाच, हे बहुतेक ठिकाणी चालते, कारण कुणी विचारतच नाही.

नोकरी गेल्यावर राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय असलेल्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळू शकते, तीही आयुष्यात एकदाच. ठरावीक काळ हप्ता भरलेला असावा लागतो. ही योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा अर्जाआधी ती सुरू आहे का ते ईएसआय शाखेत विचारा. इथे एक विचित्र गोष्ट आहे. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. म्हणजे १०,७०१ वाला दुकानातला कामगार आणि २०,३५८ वाला बँकेतला सफाई कामगार तिच्यात बसतात, पण २४,८०४ घेणारा एटीएमचा रखवालदार बसत नाही. यंत्राने ज्याची खुर्ची आधी घेतली, त्यालाच हा आधार नाही.

लखनौत राज्य सरकारी कार्यालयांत ठेक्यावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बदल सुरू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने आउटसोर्स सेवा निगम स्थापन करायला मंजुरी दिली. १६ ते २० हजार रुपये मानधन आणि महिन्याच्या १ ते ५ तारखेत थेट खात्यात पैसे, असे तेव्हा जाहीर झाले. खासगी दुकान-मॉलला हे लागू नाही.

तक्रार कुठे करायची, हे तुमचे काम कुणाकडे येते त्यावर ठरते. बँक, रेल्वे यांसारख्या ठिकाणी केंद्राचे श्रम आयुक्त कार्यालय किंवा 'समाधान' पोर्टल; दुकान, मॉल, हॉटेल असेल तर राज्याचे श्रम कार्यालय. कमी दिलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि अधिकारी दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि ठेकेदार पळाला तर ज्या आस्थापनेत तुम्ही काम केले तिला पैसे द्यावे लागतात. तरी तुमच्या हातात काहीतरी असावे. पगाराची पावती मागा, ती देणे बंधनकारक आहे. हातात रोख देत असतील, तर तारीख आणि रक्कम त्याच दिवशी वहीत लिहा आणि हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.