तुरुंगही नको, दुकानही नको

गेल्या चातुर्मासात एका दुपारी प्रवचन संपल्यावर बस्तीच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या श्राविका मंडळाची बैठक झाली. एक कागद सह्यांसाठी फिरला. गांजा ओढणाऱ्या मुलांना कडक शिक्षा व्हावी आणि गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्यांचा निषेध असो, असं निवेदन होतं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा चाळीसेक सह्या झाल्या होत्या. मी पुढे सरकवलं. शेजारची म्हणाली, “का ओ अक्का, तुम्ही गांजाच्या बाजूच्या काय?” तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता उत्तर देते.

ते निवेदन कुणामुळे निघालं हे हॉलमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आपल्यातल्याच एका घरचा, इंजिनिअरिंगला असलेला पोरगा खिशात गांजाची पुडी घेऊन सापडला. रात्रभर ठाण्यात बसला, दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला, आणि तोवर त्याचा फोटो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरून आला होता. बहिणीचं ठरत आलेलं लग्न थांबलं. त्याची आई त्या दिवशी बैठकीला आली नव्हती. तिच्या पाठीमागे तिच्या मुलाच्या शिक्षेचा कागद आपण फिरवत होतो, आणि फिरवणाऱ्या हातांत नुकतीच उतरवलेली जपमाळ होती.

बायांनो, अनर्थदंडाचे प्रकार आपण पाठ म्हणतो ना? त्यातलं अपध्यान म्हणजे काय? द्वेषापोटी दुसऱ्याचा वध व्हावा, त्याला बंधन पडावं असं चिंतणं. मग हे निवेदन दुसरं काय होतं?

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण निवेदन लिहिणारीलाही तो माहीत नव्हता. 1985 साली अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांग सुटते. उत्तरेत काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकानंच आहेत. एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. म्हणजे कडक शिक्षा आहेच की. तिने काय झालं? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात गांजा-चरस घेणारे सुमारे 1.3 कोटी निघाले. एवढ्यांना कोंडायला तुरुंग कुठून आणणार? कोंडला जातो तो ज्याच्या ओळखीचं कुणी नाही तो.

आणि खरी गोष्ट अशी की शिक्षेच्या भीतीने मुलगा गांजा सोडत नाही, आई दवाखाना सोडते. एका घरात मी हे बघितलंय. मुलगा रात्र-रात्र जागायचा, भिंतीशी बोलायचा. आईने वर्षभर लपवलं, कारण डॉक्टरला सांगितलं तर पोलीस येतील असं तिला वाटायचं. गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला भ्रमाच्या आजाराचा धोका वाढतो, आणि ओढणाऱ्यांतल्या दहांपैकी साधारण एकाला तो सुटत नाही. पण आजार झालेल्याला आपण गुन्हेगार म्हणून ओळख दिली, की तो परत घरी यायचा कसा?

एवढं ऐकून माझा बेंगळुरूचा भाचा खूश. तो कंप्युटरवाला, गांजा कायदेशीर व्हावा या मताचा. “आत्या, तू तर आमच्यातली निघालीस!” मी म्हटलं, थांब जरा.

त्याचे मुद्दे मला पाठ झालेत. कॅनडाने 2018 मध्ये खुला केला. जर्मनीने 2024 मध्ये मोकळीक दिली. साधू ओढतात. इंग्रजांनी 1893-94 मध्ये आयोग नेमला, हजारावर साक्षी घेतल्या, आणि माफक सेवनाने विशेष अपाय नाही, बंदी नको असं ठरवलं. सगळं खरं. फक्त त्या आयोगाने परवाने आणि करही सुचवले होते, आणि तेच सरकार चीनला अफू विकून तिजोरी भरत होतं, हे भाचा सांगत नाही. शेवटी त्याचा हुकमी पत्ता: सरकारला कर मिळेल, शेतकऱ्याला पीक मिळेल, धंदा उजेडात येईल.

हे मला नको सांगू बाबा. मी तंबाखूच्या घरातली मुलगी आहे.

निपाणीत आमची वखार होती. घरात कांदा-लसूण नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी गाळून. आणि अंगणापलीकडे बिडीच्या तंबाखूचे ढीग. मद्य-मांस-मधु सोडा असं सांगितलंय, तंबाखूचं नाव यादीत नाही, मग झालं! श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांत विषवाणिज्य आहे, हे तात्यांना कुणी ऐकवलं नाही. ऐकवणाऱ्यांच्या चौमासाचा खर्च त्याच वखारीतून निघायचा. माझं शिक्षण, माझे दागिने, सगळं त्यातलंच. वखारीत तंबाखू कांडणाऱ्या-चाळणाऱ्या बायका पदर तोंडाला बांधून दिवसभर त्या धुळीत बसायच्या, खोकायच्या, त्यांना मळमळायचं. त्यांनी पुढे संघटना केली. बेंगळुरूच्या युगांतर या बायकांच्या गटाने 1982 साली त्यांच्यावर माहितीपटही काढला. आमच्या घरात त्या बायकांचा उल्लेख ‘माजल्या’ असा व्हायचा.

तंबाखूचा धंदा उजेडातलाच होता. कायदेशीर, कर भरणारा. शेतकऱ्याला तरी काय मिळालं? 1981 साली भावासाठी त्याला निपाणीत महामार्गावर बसावं लागलं, आणि गोळीबारात माणसं मेली. आज देशात दरवर्षी तेरा लाखांच्या आसपास माणसं तंबाखूने जातात, आणि तो बंद करायची कुणाची छाती नाही. 2015 साली तंबाखूचे नियम तपासणाऱ्या संसदीय समितीच्या अध्यक्षांनीच सांगितलं, की तंबाखूने कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यास नाही. त्याच समितीत एक सदस्य स्वतः बिडी कारखानदार होते. पाकिटावरचं चित्र मोठं करायचं म्हटलं तरी कोर्टकचेऱ्या. धंदा एकदा प्रतिष्ठित झाला की असा वागतो. गांजाचा वेगळा का वागेल? त्याचीही कंपनी निघेल, शेअर निघेल, देणगीच्या पाटीवर नाव लागेल. आणि पाटी आपल्याच बस्तीत लागेल, हे मी लिहून देते.

थायलंडने 2022 मध्ये दार उघडलं. हजारो दुकानं निघाली. 2025 मध्ये सरकार म्हणालं, आता डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे. तेव्हा विकणारेच आधी रस्त्यावर आले.

म्हणून माझं म्हणणं दोन्हीकडच्यांना आवडणार नाही. ओढणाऱ्याला गुन्हेगार करू नका. पुडी सापडली तर दवाखान्यात पाठवा, ठाण्यात नको. आणि विकायचा परवाना कुणालाही देऊ नका, सरकारी दुकानालासुद्धा. औषध म्हणून डॉक्टर देतील ते देऊ देत, त्याची वाट कायद्यात आहे. भाचा म्हणतो, विकत घेणं चालेल आणि विकणं चालणार नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? अडचण आहे, कबूल. काळा बाजार राहील. पण काळा बाजार सणाला जाहिरात देत नाही, मुलांच्या क्रिकेटला बक्षीस लावत नाही.

त्या बैठकीनंतर आठ-दहा दिवसांनी दिवेलागणीला त्या मुलाची आई घरी आली. चप्पल बाहेर न काढता आत घेऊन आली, कुणी बघू नये म्हणून. मी तिला सांगितलं, या कायद्यातच 64अ कलम आहे. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. वकिलाला हे कलम दाखव, म्हटलं.

ती म्हणाली, “कितवं म्हणालात अक्का? लिहून द्या की.”

हाताशी प्रवचनाची पत्रिका होती. तिच्या मागच्या बाजूला लिहून दिलं.