उजवी सीट, साहेब!

नोकरी बदलली की आपल्याकडे काय होतं? पगार वाढतो, व्हिजिटिंग कार्डावरचं पद जरा लांबतं, जुन्या ऑफिसात केक कापतात. आता हे बघा. हवाई दलातला अधिकारी, वय सदतीस-अडतीस, काल-परवापर्यंत सॅल्यूट घेणारा. आज एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर, फर्स्ट ऑफिसर म्हणून. डावीकडचा कॅप्टन कदाचित त्याच्याहून पाच वर्षांनी लहान!

डिमोशन? आधी हिशेब तर मांडा. फ्लाइंग ब्रँचचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन १४ वर्षांचं. ते संपलं की पेन्शन नाही. एअरलाइनमध्ये मात्र वयाच्या ६५ पर्यंत उडता येतं. म्हणजे पंचवीसेक वर्षं अजून हातात, आणि घराचे हप्तेही!

पण युनिफॉर्म उतरवला आणि बोइंगमध्ये चढला, असं होत नाही. डीजीसीएचं लायसन्स हवं. म्हणजे पुन्हा पुस्तकं: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम. शिवाय क्लास वन मेडिकल. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या लायसन्ससाठी १,५०० तासांची अट. ट्रान्सपोर्ट विमानवाल्यांचे तास भराभर जमतात. फायटरवाल्यांच्या सॉर्टी छोट्या, त्यामुळे आकडा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतो. मग एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, खर्च लाखांत. आणि सीनिऑरिटी? जॉइन झाल्याच्या तारखेपासून. पाटी कोरी!

खरी परीक्षा मात्र याहून वेगळी आहे. जॅग्वार किंवा तेजसच्या एका सीटच्या कॉकपिटमध्ये निर्णय तुमचा एकट्याचा. प्रवासी विमानात शेजारी दुसरा माणूस असतो. त्याला वेळेवर सांगायचं आणि त्याचं ऐकायचं, हेही कामच.

हा धडा महाग पडलाय. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं डीसी-८ इंधन संपून कोसळलं, १० जण गेले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन उतरतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं, पण ठणकावून कुणी सांगितलं नाही. त्यानंतर ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचं प्रशिक्षण रुजलं. सार एवढंच: ज्युनिअरने बोलायचं, सीनिअरने ऐकायचं.

आता १५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कहून निघालेल्या ए-३२० ला पक्षी धडकले, दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर, अमेरिकी हवाई दलात एफ-४ फँटम उडवलेला माणूस, १९८० पासून एअरलाइनमध्ये. शेजारी जेफ्री स्काइल्स, ए-३२० वर अगदी नवा. विमान सलनबर्गरने हातात घेतलं, इंजिन पुन्हा सुरू करण्याची खटपट स्काइल्सकडे. आणि हडसन नदी समोर आलेली असताना या मुरलेल्या कॅप्टनने शेजाऱ्याला विचारलं, काही सुचतंय का? स्काइल्सला काही सुचत नव्हतं. पण विचारलं ना, बॉस! विमान नदीवर उतरलं. सगळे १५५ जण वाचले.

तेव्हा नव्या ऑफिसात पहिल्या सोमवारी ‘आमच्या जुन्या कंपनीत ना...’ असं वाक्य तोंडावर आलं, तर क्षणभर थांबा. अनुभव कुठे जात नाही, तो हातात असतोच. फक्त शेजारच्या सीटवरचा काय सांगतोय, तेवढं आधी ऐका.