चित्रफीत ही साक्ष आहे, निकाल नव्हे

पडद्यावर अर्ज भरतानाची चित्रफीत काढावी, ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्वाधीन करावी आणि वेब ॲपमध्ये बदल झाला की तिच्याबरहुकूम यंत्राकडून चाचणी करवून घ्यावी, असा मार्ग सध्या मोठ्या उत्साहाने सुचवला जातो. यात श्रम वाचतात, हे मान्यच. परंतु ज्या देशात शिष्यवृत्तीपासून लसीकरणापर्यंतची वाट संकेतस्थळांतून जाते, तेथे ‘श्रम वाचले’ आणि ‘चाचणी झाली’ या दोन गोष्टी एकच मानणे धोक्याचे आहे.

कृती नोंदवून ती पुन्हा वठवण्याची कल्पना जुनी आहे. सेलेनियम आयडीईसारखी साधने अनेक वर्षे तेच करीत आली. त्यांची खोड अशी, की बटणाची ओळख बदलली की चाचणी कोलमडे. नवे यंत्र चित्रफितीतून हेतू ओळखते आणि बटण हलले तरी वाट काढते. लाभ खरा आहे, आणि धोकाही नेमका येथेच आहे. सामान्य माणूस ज्या अडथळ्यापाशी अडला असता, तोही हे तरबेज यंत्र सहज ओलांडते आणि ‘उत्तीर्ण’ असा शेरा देते.

मूळ दोष याहून खोल आहे. काय घडले ते चित्रफीत सांगते. काय घडायला हवे होते, ते तिला ठाऊक नसते. ‘अर्ज स्वीकारला’ अशी हिरवी पाटी झळकली, पण माहितीसाठ्यात नोंद झाली का? दोनदा क्लिक झाल्यावर शुल्क दोनदा कापले गेले का? पडद्याच्या चित्रात याचे उत्तर नसते.

कोविनचा अनुभव आठवावा. वेळ आरक्षित करून केंद्रावर न गेलेल्या काही नागरिकांनाही ‘लस दिली’ असे संदेश गेले. केंद्रावरील नोंदीत चूक झाली होती. अखेर ८ मे २०२१पासून चार अंकी सुरक्षा संकेतांक आणावा लागला. पडद्यावर सारे यथासांग होते, दंडाला मात्र सुई टोचलेली नव्हती. त्याच महिन्यात, ३१ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिबाधितांच्या अडचणींकडे लक्ष वेधले : कॅप्चाला ध्वनीचा पर्याय नाही, की-बोर्डने संकेतस्थळावर फिरता येत नाही. कोविनची चाचणी चित्रफितीवरून झाली, असा येथे दावा नाही. पण डोळस माणसाने माउसने केलेल्या नोंदणीच्या शंभर चित्रफिती काढल्या असत्या, तरी यांतील एकही दोष हाती लागला नसता.

‘लहान चमूंना चाचण्या लिहायला वेळ नसतो, काहीच नसण्यापेक्षा चित्रफीत बरी,’ असे समर्थक म्हणतात. बरी, पण काही अटींवर. प्रत्येक चित्रफितीसोबत अपेक्षित निकाल शब्दांत लिहिलेला असावा. प्रयोगशाळेतही निकष आधी ठरतो आणि वाचन नंतर घेतले जाते. यशस्वी अर्जाबरोबर फसलेले अर्जही नोंदवावेत : मंद इंटरनेट, मध्येच तुटलेली जोडणी, केवळ की-बोर्ड, स्क्रीन रीडर. चित्रीकरणासाठी बनावट माहिती वापरावी. कुणाचा आधार क्रमांक वा ओटीपी चाचणीच्या नावाखाली तिऱ्हाइताच्या सर्व्हरवर जाता कामा नये.

आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ॲपमध्ये मुद्दाम एक चूक पेरावी आणि यंत्राला ती सापडते का, ते पाहावे. सापडली नाही, तर त्या आधीच्या साऱ्या ‘उत्तीर्ण’ शेऱ्यांना कवडीचे मोल उरत नाही. खोटे ठरण्याची शक्यताच नसलेल्या विधानाला विज्ञानात स्थान नाही; कधीच नापास न करणाऱ्या चाचणीलाही सार्वजनिक व्यवस्थेत ते नसावे. कारण चुकीच्या शेऱ्याची किंमत यंत्र मोजत नाही. ती अर्जाच्या अखेरच्या रात्री पडद्यापुढे बसलेला विद्यार्थी मोजतो.